गोदूचं खातं

फोन वाजला तेव्हा संध्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत थेंब मोजणाऱ्या काचनळीची, ब्युरेटची, तोटी अंगठा आणि दोन बोटांत धरून उभी होती, आणि खालच्या फ्लास्कमधला रंग आता बदलेल, पुढच्या थेंबाला बदलेल, अशा बेतात आला होता. एरवी ती काम चालू असताना फोन घेत नसे. पण श्रद्धा पुण्याला नवीन नोकरीवर रुजू झाली होती, आणि लेक दूर असली की अनोळखी नंबरकडे हात आपोआप जातो, तसा तिचा गेला. पलीकडे एका तरुण मुलीचा आवाज, त्यामागे पंख्याची घरघर. "गोदू सखा उबाळे यांच्या घरून बोलताय का?" संध्या म्हणाली, "इथं अशी कुणी नाही, राँग नंबर," आणि फोन पालथा ठेवला. हे इतकं सहज झालं की मध्ये विचार म्हणून काही आलाच नाही. तिनं तोटी पुन्हा फिरवली, आणि फिरवत असतानाच, खोल विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज उशिरा वर यावा तसं ते नाव तिच्यापर्यंत पोचलं. फ्लास्कमधला फिकट गुलाबी टप्पा तोवर निघून गेला होता. आत भडक, लग्नातल्या सरबतासारखं पाणी झालं होतं. शेजारच्या टेबलावरून तुषार म्हणाला, "मॅडम, तुमचं पण ओव्हर होतं होय? मला वाटलं आमचंच होतं." ती हसली. वहीतल्या आकड्यावर एक रेघ मारून बाजूला सही केली आणि फ्लास्क धुवायला नेला. नळाखाली तो गुलाबी रंग पातळ होत गेला, तरी सगळा जाईना. गोदू सखा उबाळे ही तिची आई होती.

म्हणजे तसं पाहिलं तर अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यातल्या हजेरीत, रेशनकार्डावर, आधारकार्डावर आणि सगळ्या बुवापाड्याच्या तोंडी तिची आई जनाबाई हरिचंद्र शिरसाट होती. लग्न होऊन आली तेव्हा घरात थोरली जाऊ गोदावरी होती. एका चुलीपाशी दोन गोदू कशाला, असं म्हणून सासूनं धाकटीचं नाव जना ठेवलं, आणि त्या संध्याकाळपासून गोदू कुणाच्या हाकेत राहिली नाही. माहेरचं गाव बारवी धरणाच्या अंगाला होतं. धरणाचं पाणी वाढत गेलं तशी गावातली घरं उठली, माणसं पांगली, आईवडील गेले, भाऊही गेला. शाळेत तिला कुणी घातलंच नव्हतं, त्यामुळे दाखला नाही. गोदू नावाची मुलगी कधी काळी होती हे सांगणारं घर नाही, दार नाही, माणूसही नाही. राहिली होती फक्त बँक. तिला एक लांबलचक सहकारी नाव होतं, ते पाटीवर. लोक म्हणत चिंचेखालची बँक. पुढे रस्ता रुंद करताना चिंच गेली, पण बँक चिंचेखालचीच राहिली. कारखान्यातल्या बायांना रोख पगार पाकिटात मिळे आणि पाकीट घरी पोचेपर्यंत त्याला वाटेत खूप पाय फुटत. तिथल्या काउंटरवर रामभाऊ नावाचे कारकून होते. एखादी बाई खातं काढायला आली आणि नाव विचारल्यावर अडखळली, तर ते पेन खाली ठेवत. म्हणत, "बाई, भर बाजारात मागून कुणी कुठल्या नावानं हाक मारली तर तुम्ही आधी वळाल? तेच सांगा." नियमात ते बसत होतं की नाही कोण जाणे. पण त्यामुळे त्या बँकेत आगपेटीवाल्या कितीतरी बायका माहेरच्या नावानं होत्या, आणि पासबुकं रामभाऊंच्याच कपाटात राहत, कुणाच्या ट्रंकेत नाही.

संध्याला तिथलं बाक आठवत होतं. प्रयोगशाळेतून निघून, हात कोपरापर्यंत धुऊन, रिक्षात बसल्यावर ते तिला इतकं स्पष्ट आठवलं की मांडीखाली त्याची थंड पट्टी जाणवली. ती लहान होती, पाय जमिनीला लागत नव्हते. आईच्या लुगड्याला गंधकाचा वास होता, नेहमीसारखा, आणि तो वास हीच तिच्या दृष्टीनं आई होती. काउंटरमागून रामभाऊंनी पुकारलं, "गोदू सखा उबाळे." आणि आई उठली. नुसती उठली नाही. घरी ती उठायची ती गुडघ्यावर हात देऊन, कुणीतरी काहीतरी मागितलंय म्हणून. इथं ती सरळ उठली, वर्गात हजेरी देणाऱ्या मुलीसारखी, आणि "हाय" म्हणाली. संध्याला वाटलं, आई कुणा दुसऱ्या बाईचा नंबर घेतेय. आता ती दुसरी बाई येईल आणि भांडण होईल. दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती भीतीनं बघत राहिली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं. आई पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, की आत मला असंच म्हणतात, पण हे नाव पायऱ्यांच्या खाली न्यायचं नाही. कुणी विचारलं तर आपल्याकडे अशी कुणी नाही म्हणायचं. संध्यानं मान हलवली. ती आज्ञाधारक मुलगी होती. पुढे बी.एस्सी.च्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा बाबा जेवताना भिंतीकडे बघत म्हणाले होते, "बघ बुवा, तुझ्या त्या गोदूबाईला विचारून. तिच्याकडे काही जमतं का." आईनं भाकरी थापत म्हटलं, "विचारते." एवढंच. बाबांचा हात सैल होता. युनियनमधल्या कुणाचं लग्न निघो, कुणाचं दुखणं निघो, त्यांचा पगार आधी तिकडे जायचा. पण गोदूपाशी ते कधी थेट गेले नाहीत. त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं वागणं ही त्यांनी बायकोला दिलेली एकमेव चैन होती, हे संध्याला फार उशिरा कळलं. गोदूनं फी भरली. नंतर एम.एस्सी.चीही भरली. आणि आज गोदूबद्दल विचारलं तर तिनं राँग नंबर म्हणून सांगितलं होतं. इतकी वर्षं, इतकं शिकून, लहानपणी शिकवलेलं एक वाक्य आत कुठेतरी तसंच्या तसं, न गंजता, तयार बसलेलं होतं. तिला त्याचं आश्चर्य वाटलं आणि थोडी भीतीही.

बँक बुडाल्याचं तिला माहीत नव्हतं असं नाही. वरच्या लोकांनी आपापल्या ओळखीच्या बिल्डरांना कर्जं वाटली, ती परत आली नाहीत, मग निर्बंध आले, मग परवाना गेला, मग बँक गुंडाळायला सरकारनं अवसायक नेमला. लोक त्याला लिक्विडेटर म्हणू लागले. हे सगळं तिनं बातम्यांत वाचलं होतं आणि आईला विचारलंही होतं. आई तेव्हा म्हणाली होती, "जनाबाईचं तिथं काही नाही." वाक्य अचूक होतं, आणि अचूक वाक्यांवर विश्वास ठेवणं हा संध्याचा धंदाच होता. तिनं धरून चाललं की गोदूचं खातं तिच्या फीबरोबरच कधीतरी संपलं असणार.

बदलापूरच्या घरी आई गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. संध्यानं पिशवी खाली ठेवली आणि फोनचं सांगितलं. आईचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर थांबला. नाव काय घेतलं, असं तिनं विचारलं. संध्यानं नाव घेतलं. ते नाव तिनं आपल्या तोंडानं उच्चारायची ही पहिलीच वेळ होती, आणि चावी नवीन असली की कुलपात जशी जरा अडते तसं ते तोंडात अडलं. "मग तू काय बोललीस?" "राँग नंबर." खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मग आईच्या खांद्यांची हालचाल झाली आणि संध्याला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती, आवाज न करता, दात नसलेल्या हिरड्या दाखवत. "शिकवलेलं इसरली नायस. बरी निघालीस," ती म्हणाली, आणि दाणे पातेल्यात टाकत पुढे म्हणाली, की खातं हाय. फीपुरतं काढलं, पण मोडलं नाय कधी. दर खेपेला मुदत संपली की पुन्हा ठेवायला सांगत आले. बँकेवाल्यांनी फोन संध्याला केला कारण वारस म्हणून तिचं नाव दिलेलं होतं आणि नंबरही तिचाच.

संध्या म्हणाली, सोपं आहे, प्रतिज्ञापत्र करू, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं लिहून देऊ, बुडालेल्या ठेवींवरच्या विम्याचे पैसे मिळतील. राजरत्न, तिचा नवरा, उल्हासनगरला महापालिकेच्या कचेरीत होता. असले कागद तो झोपेतही लिहू शकला असता. दुसऱ्याच दिवशी त्यानं तो कागद लिहून आणला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. मी जनाबाई हरिचंद्र शिरसाट, पूर्वाश्रमीची गोदू सखा उबाळे. आईनं हात वर केला. "जावई, हे पूर्वीची म्हणजे काय? मागल्या खेपेला बँकेत गेले तवाबी मी गोदूच होते." राजरत्न म्हणाला, आई, कागदाची भाषा असते तशी. "आसंल. पण त्या खात्यात जनाबाईनं काय टाकलंय? जनाबाईचा पैसा घरात गेला, लग्नाकार्यात गेला, तेलामिठात गेला. ती त्या बँकेची पायरी चढली नाय कधी. मी कशी सांगू तिचं हाय म्हणून?" तो हसत संध्याकडे बघून म्हणाला, की तुझ्या आईनं बुद्धी वापरायची ठरवली की माझी कचेरी बंद पडेल. पण संध्याला हसू आलं नाही. आई गंभीर होती. तिला पैशांची तशी गरज नव्हती. लेकीकडे राहते असं कधी कुणी म्हटलं तर ती म्हणे, की लेकीचं घर म्हणजे माझंच शिकवणं वर आलंय. तिचं म्हणणं दुसरंच होतं, आणि ते तिनं त्या रात्रीच्या जेवणाआधी, देव्हाऱ्याजागी ठेवलेल्या बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती लावता लावता सांगितलं. "पैका गेला तरी चालंल मला. पण गोदू नावाची कुणी नव्हतीच, असं सरकारच्या माणसानं लिवून ठेवाया नको. तेवढं बघ." मेणबत्ती पेटली. आगपेटीच्या विझवलेल्या काडीच्या टोकातून जो बारीक धूर निघतो तो संध्याच्या नाकात गेला आणि तिला वाटलं, आपण आता लहान मुलीसारखी मान हलवणार. तिनं मान हलवली.

बँकेचं मुख्य कार्यालय उल्हासनगरला, जीन्सचं कापड विकणाऱ्या दुकानाच्या वर होतं. राजरत्ननं तिथं विचारून ठरवलेल्या दिवशी रिक्षानं जाताना आईनं हिरवी सुती साडी नेसली होती आणि पदराच्या टोकाशी उगाच एक गाठ मारून ती सोडत होती, परत मारत होती. जिन्यापर्यंत रांग होती. कुणी पेन्शनर, कुणी भाजीवाल्या, कुणी शहाडच्या कारखान्यातले निवृत्त कामगार. एक म्हातारे सिंधी गृहस्थ बँकेच्या डायरेक्टरांना नावं घेऊन घेऊन शिव्या देत होते आणि दोन शिव्यांच्या मध्ये शेजारच्याची फाइल नीट लावून देत होते. खालचा दुकानदार, हरीश नावाचा, सगळ्या रांगेला ताटलीतून भाजलेला पापड आणि पाणी देत होता. सिंध्यांकडे आलेल्याला आधी तेच देतात. "माताजी, बैठो ना. पापड खाओ, पैसा तो आरामसे आएगा," तो म्हणाला. आईनं पापडाचा तुकडा मोडला. मग त्या शिव्या देणाऱ्या गृहस्थांना ती शांतपणे म्हणाली, की बाबा, डायरेक्टरला द्या, बँकेला देऊ नका. बँकेनं माझी पोरगी शिकवलीय. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग संध्याकडे पाहिलं, आणि आपल्या जागेवरून उठून आईला खुर्ची दिली. संध्या जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. खाली कात्र्यांचा आणि शिलाई मशिनांचा आवाज एकसारखा चालू होता. तिला वाटलं, ही बँक मेली आहे आणि आपण सगळे तिच्या दारात पापड खात बसलोय, आणि तरीही इथं कुणालाच पूर्णपणे लुटल्यासारखं वाटत नाहीये. निदान आईला तरी नाही. एखाद्याचे उपकार त्याच्या अपराधातून वजा करता येत नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावे लागतात. हे तिला कळत होतं, आणि ते मांडता येत नव्हतं याची बेचैनीही होती.

आत टेबलामागे राजसी नावाची मुलगी बसली होती. लिक्विडेटरच्या कचेरीतली, श्रद्धाहून एखाद-दोन वर्षांनीच मोठी असेल. तोच पंखा, तीच घरघर. तिनं फाइल काढली आणि आवाज खाली आणून समजावलं, की अडचणी दोन आहेत. पहिली, पुराच्या वर्षी अंबरनाथच्या शाखेत पाणी शिरलं तेव्हा सह्यांच्या आणि अंगठ्यांच्या जुन्या कार्डांचा लगदा झाला. त्यामुळे जुळवून बघायला काही नाही. दुसरी त्याहून विचित्र. त्या काळी खातं काढायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. गोदू सखा उबाळेला ओळख दिली होती आवडी नवश्या पारधीनं. आणि आवडी नवश्या पारधीला ओळख दिली होती गोदू सखा उबाळेनं. एकाच दिवशी. "म्हणजे दोघींपैकी आधी कुणीच खातेदार नव्हतं," राजसी म्हणाली. "ऑडिटवाल्यांनी दोन्ही नावं बनावट म्हणून बाजूला काढलीत. म्हणून दोघींना एकाच दिवशी बोलावलंय."

संध्याला प्रयोगशाळेचा अगदी पहिला धडा आठवला. आम्लाची तीव्रता अल्कलीवरून काढायची आणि अल्कलीची त्याच आम्लावरून, असं करता येत नाही. दोघं एकमेकांची साक्ष देत राहतात आणि खरं काहीच कळत नाही. तिसरं काहीतरी लागतं, स्वतः पक्कं, ज्याच्याबद्दल आधीच खात्री आहे. ऑडिटवाल्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच केलं असतं. हा विचार आला आणि तिला आईकडे बघवेना.

तेवढ्यात दारात आवाज झाला. वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरून सुनेचा हात धरून एक काळीसावळी, वाळक्या शेंगेसारखी म्हातारी आली. तिनं खोलीतल्या कुणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ आईपुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "काय गो गोदे. मरलीस नाय अजून?"

आई उठली. संध्यानं ते पाहिलं. गुडघ्यावर हात न देता, सरळ. "तुला पोचवल्याबिगर कशी मरू गं?" ती म्हणाली, आणि दोघी हसल्या, एकमेकींच्या कोपरांना धरून, जणू पाण्यात उभ्या आहेत आणि तोल सांभाळायचाय. मग राजसीनं विचारलं, आणि उत्तर दोघींनी मिळून, एकमेकींचं तोडत, दिलं. आवडीचं माहेर आईच्या गावाशेजारच्या पाड्यावर होतं. लहानपणी दोघी एकाच ओढ्यावर. लग्नानंतर पुन्हा भेटल्या त्या कारखान्याच्या फाटकाशी, आवडी रानभाजी आणि करवंदं विकायला बसायची तिथं. आवडीच गोदूला म्हणाली, की चल, त्या कारकुनाकडे पैसा ठेवू. काउंटरवर रामभाऊ म्हणाले, पहिली कोण? आवडी म्हणाली, ही आधी. गोदू म्हणाली, हिच्या पुढे मी कशी बसू, ही आधी. रामभाऊ खूप वेळ थांबले. रांग वाढली. मग ते म्हणाले, बरं, दोघी आधी, आणि त्यांनी एकीच्या कागदावर दुसरीचं आणि दुसरीच्या कागदावर पहिलीचं नाव लिहिलं. "मानाचा परश्न व्हता," आवडी म्हणाली. "पुढं बसायचं कुणी?"

राजसी हसली, पण लगेच गंभीर झाली. तिला पटलं होतं हे दिसत होतं, आणि पटणं पुरेसं नव्हतं हेही. ती म्हणाली, दोघी एकमेकींना सांगताहेत, म्हणजे कागदावर आपण जिथं होतो तिथंच आहोत. बाहेरचं कुणी हवं, जे यांना याच नावानं ओळखतं. आवडीबाईंचं तरी जमेल, पाड्यावर सगळे त्यांना याच नावानं ओळखतात, सूनबाई आहेत. प्रश्न गोदूबाईंचा आहे. मग तिनं संध्याकडे पाहिलं आणि जरा संकोचून फाइलमधलं एक पान वळवलं. "मॅडम, तुम्हीच वारस आहात ना? फोन मीच केला होता. तुम्ही म्हणालात अशी कुणी नाही. मला तसा शेरा लिहावा लागला." शेरा तिथं होता, निळ्या शाईत, नीट अक्षरात. वारसानं ओळख नाकारली.

खोलीत एकदम खूप जागा झाली असं संध्याला वाटलं, आणि ती त्या जागेत एकटी होती. पंखा फिरत होता. तिच्या कारखान्यात रोज तिच्या सहीनं रसायनांची पिंपं बाहेर पडत आणि तिच्या सहीनंच अडत. न पाहिलेल्या गोष्टीवर तिनं कधी सही केली नव्हती, आणि केलेली सही कधी मागे घेतली नव्हती. आता हे एक वाक्य तिचंच होतं, आणि ते खोटं होतं, आणि ते तिनं अगदी प्रामाणिकपणे उच्चारलं होतं. मी कुणाला ओळखते, ती मनात म्हणाली. आयुष्यभर मी जनाबाईला ओळखत आले. जिनं डबे भरले, जिनं आजीचं सगळं केलं, जी गुडघ्यावर हात देऊन उठते. गोदूला मी किती वेळा पाहिलं? थोड्याच वेळा, त्या बाकावर बसून. तेवढ्यावर सही करता येते का? आणि मग तिला दिसलं की प्रश्न उलटा आहे. जनाबाईला तर सगळ्यांनीच पाहिलं होतं, सगळ्या बुवापाड्यानं. गोदूला बँकेच्या बाकावरून पाहणारी, तिला "हाय" म्हणताना ऐकणारी, आणि अजून जिवंत असलेली, आवडी सोडून या पृथ्वीवर एकच होती. लुगड्याचा तो गंधकाचा वास, ते सरळ उठणं, आपल्याला वाटलेली भीती. भीती खोटी नसते. पाहिलं नसतं तर घाबरले कशाला असते?

ती राजसीला म्हणाली, "तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. मी तसंच बोलले. लहानपणी मला शिकवलं होतं, की हे नाव बँकेच्या पायऱ्यांच्या खाली न्यायचं नाही. कुणी विचारलं तर अशी कुणी नाही म्हणायचं."

"मग आता?"

"आता मी बँकेतच उभी आहे ना."

आवडी हुंकारली. आईनं पदराची गाठ मुठीत धरली होती. संध्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला जाणवलं की आपण कुणालातरी पहिल्यांदा भेटतोय, आणि ज्याला आपण पहिल्यांदा भेटतोय त्याचं आपण किती तरी देणं लागतो, आणि ते कधी मागितलं जाणार नाही. वह्या, प्रवेश, वसतिगृह, पहिला पांढरा कोट. कुणा गोदूबाईनं दिलं, असं म्हणायचं आणि पुढे जायचं, असं तिनं केलं होतं. थँक्यू ज्याला म्हणायचं होतं ते माणूस समोर होतं, हिरव्या साडीत, पापडाचा चुरा ओठाला लागलेला. "ही गोदू सखा उबाळे," ती राजसीला म्हणाली. आवाज जरा मोठा झाला तिचा, दारातली रांग वळून बघण्याइतका. "मी हिला लहानपणापासून ओळखते. हिनंच मला शिकवलंय." राजसीनं तिच्यापुढे कागद सरकवला. संध्यानं तो पूर्ण वाचला, तिची ती सवयच होती, आणि मग सही केली. शेऱ्यावर राजसीनं एक रेघ मारली, बाजूला दुसरं वाक्य लिहिलं, तारीख घातली. रेघ सरळ होती. खालचं वाक्य तरीही वाचता येत होतं, आणि ते तसंच असायला हवं, असं संध्याला वाटलं.

मग राजसी म्हणाली, आता एक शेवटचं. गोदूबाईंच्या नावानं दुसऱ्या कुठल्या बँकेत खातं नाही, आणि या बँकेत आता कुणाचंच राहणार नाही. विम्याचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात. ते खातं जनाबाई हरिचंद्र शिरसाट यांचं आहे. त्यांच्या खात्यात टाकायचे तर इथल्या खातेदाराची संमती लागते. ती थांबली, कारण हे विचारायचं कुणाला हे तिलाही क्षणभर कळेना, आणि मग तिनं आईकडे वळून, अगदी रामभाऊंनी विचारावं तसं सरळ विचारलं, "गोदूबाई, देऊ का त्यांना?"

घरी याच प्रश्नावर कागद परत गेला होता. आईनं पदराची गाठ सोडली. ती कुणाचा तरी नीट विचार करत होती, दूरच्या नातेवाइकाचा करावा तसा, त्याची घरची स्थिती, त्याचा स्वभाव, त्यानं काय काय सोसलं, हे सगळं आठवून. बराच वेळ लागला तिला.

"द्या तिला," आई म्हणाली. "लई राबलीय ती माझ्यासाठी."